पाण्यावरचं बिऱ्हाड : अप्पा, टी.व्ही. आणि भाताचा कुकर



गेल्या अंकात आम्ही 'सावकाश'च्या छताची गळती आणि ती थांबवताना झालेली आमची दमछाक सविस्तर सांगितली होती. त्यानंतर मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात एका वाचक भगिनींनी आम्हांला तिळगुळाच्या ताटापाशीच गाठलं. "लेख आवडतात हो तुमचे," त्या म्हणाल्या, "पण एक सांगा, बोटीवर टी.व्ही. आहे का?" आहे म्हटल्यावर मागे उभ्या असलेल्या त्यांच्या यजमानांचा चेहरा जो उजळला, तो आमच्या एकाही सूर्यास्ताच्या वर्णनानं उजळला नसता! इतके दिवस आम्ही चेसापीकचा वारा, खेकडे आणि ऑस्प्रे पक्ष्यांची घरटी लिहीत बसलो, आणि मंडळींना हवा होता टी.व्ही. तर या खेपेला तोच विषय घेतो. मात्र टी.व्ही.ची गोष्ट सांगायची तर अप्पांची सांगावी लागेल, आणि अप्पांची सांगायची तर भाताच्या कुकरची. तेव्हा जरा सावकाश घ्या.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात ओळख. 'आम्ही' म्हणजे मेरीलंडमधली दोन मराठी बिऱ्हाडं, एकूण चार माणसं. मुलं कॉलेजात गेली, घरं रिकामी झाली आणि एका कोजागरीला दुधाच्या अमलाखाली आम्ही भागीत एक जुनी बोट घेतली. ३४ फुटी, १९८४ साली तैवानमध्ये बांधलेली. हिला इथे 'ट्रॉलर' म्हणतात, पण जाळी टाकून मासे धरण्याशी तिचा काही संबंध नाही. आत निजायला दोन खोल्या, बारकं स्वयंपाकघर आणि मधे बैठक. ताशी सात-आठ मैलांच्या वर ती जात नाही, म्हणून नाव ठेवलं 'सावकाश'. रेडिओवर हे नाव सांगितलं की पलीकडचा अमेरिकन गृहस्थ 'सेव्ह कॅश' असं म्हणतो. बोट बाळगणाऱ्याला यापेक्षा क्रूर विनोद ऐकवता येणार नाही.

या बोटीच्या बैठकीत आधीच्या मालकानं सागवानी कपाट करून त्यात एक टी.व्ही. बसवला होता. १३ इंची, काचेच्या भल्यामोठ्या ट्यूबचा, पोटात व्ही.सी.आर. असलेला. तो होता तसाच राहिला होता, कारण तो काढायचा तर कपाट फोडावं लागणार होतं. अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांनी १२ जून २००९ रोजी जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण बंद केलं, तेव्हापासून त्यात फक्त मुंग्या दिसायच्या. व्ही.सी.आर. मात्र चालू! तेव्हा आमच्यातल्या एकीनं माळ्यावरच्या खोक्यातून मराठी नाटकांच्या कॅसेट आणल्या. लावल्या, तर चित्र लोळायला लागलं. भारतातून आणलेल्या कॅसेट 'पाल' पद्धतीच्या आणि इथला व्ही.सी.आर. 'एन.टी.एस.सी.'चा. नव्वदच्या दशकात ज्यांनी महागडा 'मल्टिसिस्टिम' व्ही.सी.आर. घेऊन शनिवारी दहा-बारा घरांना नाटक दाखवलं, त्यांना हे दुःख वेगळं सांगायला नको.

आमची त्याबद्दल तक्रार नव्हती. बोटीवर जायचं ते टी.व्ही.पासून लांब राहायला, असं आम्ही सगळ्यांना मोठ्या ऐटीत सांगत होतो. त्या कपाटात पोह्यांचे आणि डाळींचे डबे ठेवायला ट्यूबच्या शेजारी जागाही होती.

मग २०२४ च्या एप्रिलमध्ये सांगलीहून अप्पा आले.

अप्पा आमच्यापैकी एकाचे वडील, म्हणजे दुसऱ्याचे काका, आणि बोटीवर सगळ्यांचेच अप्पा. वय ८१. सहस्रचंद्रदर्शन नुकतंच झालेलं. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळात वायरमन म्हणून लागले आणि २००१ साली लाइन इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले. आई असताना ते दोनदा येऊन गेले होते. आई गेल्यानंतर हे पहिलंच येणं. परतीचं तिकीट ऑक्टोबरचं.

या पानाच्या वाचकांना पुढचं सांगायची गरज नाही, तरी सांगतो. सकाळी आठला दोघंही कामावर. अप्पा घरात एकटे. चालत जाऊन पोहोचावं असं काही नाही. शेजारी हात करतात, पण बोलायला थांबत नाहीत. अप्पा दिवसभर तळघरात टी.व्ही.समोर बसायचे. संध्याकाळी "अप्पा, कसा गेला दिवस?" म्हटलं की "बरा गेला". "काय पाहिलंत?" म्हटलं की "लागलं होतं काहीतरी". तीन आठवडे असे गेले, आणि एका रात्री जेवताना ते अगदी सहज म्हणाले, "ते तिकीट जरा अलीकडचं मिळतं का, बघ बरं."

आम्ही चौघं हादरलो. आणि माणसं हादरली की करतात तेच आम्ही केलं. खरेदीला गेलो! अप्पांना बोटीवर न्यायचं, तिथे त्यांना करमावं म्हणून मोठा टी.व्ही. बसवायचा, त्यावर क्रिकेट दाखवायचं. जूनमध्ये विश्वचषक होता. घरात जे औषध लागू पडत नव्हतं, तेच जास्त मात्रेत पाण्यावर द्यायचं आम्ही ठरवलं. तेव्हा ते कोणाच्याच लक्षात आलं नाही.

मेमधल्या 'मेमोरियल डे'च्या सुट्टीपूर्वी आम्ही घाईघाईनं कपाट कापलं, जुनं धूड दोघांनी मिळून धक्क्यावर उतरवलं आणि घरातला ३२ इंची टी.व्ही. तिथे ठेवून पट्ट्यानं बांधला. धक्क्याला बोट बांधलेली असते तेव्हा काठावरच्या खांबातून घरच्यासारखी १२० व्होल्टची वीज मिळते. नांगर टाकून राहिलं की मिळतात फक्त बॅटरीचे १२ व्होल्ट. मग बॅटरीची वीज घरच्या विजेसारखी करून देणारा 'इन्व्हर्टर' लागतो. तो आणला, १००० वॅटचा. बॅटरीपासून त्याच्यापर्यंत वायर हवी होती. गॅरेजमध्ये घरकामातून उरलेली एक गुंडाळी होती, ती ओढली. टोकं पिळून वर चिकटपट्टी मारली. फ्यूज? "नंतर बघू."

रविवार, २६ मे. अॅनापोलिसच्या दक्षिणेला ऱ्होड रिव्हरमध्ये नांगर टाकला. सकाळी दहाला आय.पी.एल.चा अंतिम सामना. अप्पांना समोर बसवलं, चहा दिला. हैदराबादचा डाव ११३ धावांत आटोपला. मध्यंतरात जेवणाची तयारी. गॅस संपत आलेला, म्हणून आमच्यातल्या कोणीतरी विजेचा भाताचा कुकर त्या इन्व्हर्टरलाच लावला. कोणी लावला, हे आम्ही चौघांनी आजवर एकमेकांना विचारलेलं नाही आणि सांगितलेलंही नाही.

थोड्या वेळानं 'टीं टीं टीं' असा आवाज आला. "झाला वाटतं भात," म्हणून ताटं घेतली. इतक्यात अप्पा उभे राहिले. आल्यापासून इतक्या चपळाईनं उठताना आम्ही त्यांना पाहिलं नव्हतं.

"वायर तापलीय," ते म्हणाले. "वास येत नाही का तुम्हांला? बंद करा सगळं. आधी बॅटरी तोडा!"

आवाज कुकरचा नव्हता, इन्व्हर्टरचा होता. व्होल्ट कमी पडताहेत म्हणून तो कोकलत होता. फळी उचलून पाहिलं तर वायरीचा एक सांधा मऊ होऊन लोंबत होता. हात लावला तर चटका. तिच्याखाली चार बोटांवर डिझेलची नळी गेलेली. बोटीवर आग लागली तर पळायला अंगण नसतं. पाण्यात उडी मारायची, एवढंच. आम्ही चौघं त्या सांध्याकडे बघत नुसते उभे राहिलो. भात अर्धवट शिजलेला, सामना बंद, आणि नदीवर भयंकर शांतता.

अप्पा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "एक वही द्या. आणि पेन."

वही मिळाली. त्यांनी आम्हांला चौघांना समोर बसवून जो वर्ग घेतला, त्याचा सारांश वाचकांसाठी देतो. बोट नसली तरी उपयोगी पडेल.

"कुकर ४०० वॅटचा," अप्पा म्हणाले. "तुमच्या घरी १२० व्होल्टवर तो साडेतीन अँपिअरसुद्धा घेत नाही. इथे बारावर तेवढेच वॅट काढायचे तर दसपट अँपिअर लागतात. भागाकार करा. तेहतीस. त्यात या इन्व्हर्टरची दलाली धरा, वर टी.व्ही. धरा. चाळिसाच्या पुढे गेलात. आणि वायर घातलीत वीस अँपिअरची! कोयनेची वीज लांब न्यायची तर आम्ही व्होल्ट वाढवून नेतो, म्हणजे अँपिअर कमी होतात आणि तार बारीक चालते. तुम्ही व्होल्ट कमी केलेत आणि तारही बारीकच ठेवलीत."

"पण बॅटरी भरलेली होती, अप्पा. मग इन्व्हर्टर का ओरडला?"

"बॅटरीत होती वीज. वाटेत गळली. टी.व्ही.ला लागते त्याहून जास्त वीज तुमची ती वायरच खात होती. म्हणून तापली."

"आणि फ्यूज असता तर..."

"तर पहिल्या मिनिटात उडाला असता आणि तुम्ही गॅसवर भात केला असता. फ्यूज टी.व्ही.साठी नसतो रे, वायरसाठी असतो. आणि तो बॅटरीच्या अगदी जवळ लागतो. टी.व्ही.पाशी लावला तर मधली सगळी वायर उघडीच राहिली."

त्या रात्री मरीनात परतल्यावर अप्पा बराच वेळ वहीत काहीतरी लिहीत होते. तिकिटाचा विषय निघाला नाही. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी आम्ही घरी पोहोचलो, तर ते पायांत बूट घालून दारात बसलेले. "निघायचं ना बोटीवर?"

आता कामाचं. बोटीवर टी.व्ही. बसवायचा असेल तर आम्ही जे शिकलो, ते क्रमानं सांगतो.

पहिला धडा पडद्याच्या आकाराचा नाही, हिशेबाचा आहे. आमच्या बोटीवर इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी आहे आणि राहण्याजोगत्या गोष्टींसाठी दुसरी जोडी आहे, २२० अँपिअर-तासांची. शिशाच्या साध्या बॅटरीतून निम्म्याहून जास्त वीज काढत गेलं की तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं. म्हणजे हातात आले ११०. अप्पांनी वहीत चार रकाने आखले: वस्तू, अँपिअर, तास, गुणाकार. फ्रिज ५ अँपिअर, दिवसात १२ तास चालतो, ६०. दिवे आणि नांगराचा दिवा मिळून १०. पाण्याचे पंप, रेडिओ वगैरे १०. झाले ८०. उरले ३०. त्यातले टी.व्ही.ला १५. बाकीच्या १५ पुढे त्यांनी लिहिलं, "शिल्लक. हात लावू नये." कारण बोटीच्या तळाशी साचणारं पाणी उपसणारा पंप त्याच बॅटरीवर चालतो, आणि तो कधी लागेल ते विचारून लागत नाही.

अमेरिकेत इतकी वर्षं राहून आम्ही हे साफ विसरलो होतो. इथे बटण दाबलं की वीज, तोटी फिरवली की पाणी. अप्पांनी मात्र उभा जन्म एकवेळ येणाऱ्या नळाच्या पाण्यावर आणि पुढे 'लोडशेडिंग'च्या वेळापत्रकावर काढलेला. भरलेला पिंप दिवसभर पुरवायचा कसा, हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं. बॅटरी म्हणजे त्यांच्या दृष्टीनं मोरीतला पिंपच.

दुसरा धडा टी.व्ही.च्या निवडीचा. ३२ इंची परत घरी गेला. बैठकीत पडदा जेमतेम सहा फुटांवर असतो, तिथे २४ इंची पुष्कळ होतो. असे कित्येक लहान टी.व्ही. मुळात १२ व्होल्टवरच चालतात. भिंतीतल्या विजेचे १२ व्होल्ट करणारी डबी त्यांच्या वायरीत असते. मग बॅटरीचे १२ चे १२० करायचे आणि पुन्हा १२० चे १२ करायचे, हा उलटा घास कशाला? इन्व्हर्टर मधून काढला की दोन्हींकडची दलाली वाचते. मात्र डबीवरचा कागद वाचून घ्या. काही टी.व्ही. १२ व्होल्टचे असतात, काही १९ चे. शिवाय बॅटरीचे १२ हे नावापुरते १२. निम्मी उतरली की १२.२ च्या आसपास, इंजिन चालून भरत असताना १४.४ पर्यंत. सगळे टी.व्ही. हे सहन करत नाहीत, म्हणून मधे व्होल्ट स्थिर ठेवणारी एक छोटी पेटी घातली. आमचा टी.व्ही. अडीच अँपिअर घेतो. इंटरनेटचं यंत्र धरून तीन. पाच तास पाहिला तर पंधरा. वहीत बरोबर बसला.

'बोटीसाठी खास' म्हणून जे टी.व्ही. विकतात, त्यांची किंमत कित्येक पट असते. उघड्या डेकवर, पाण्याच्या तुषारांत ठेवायचा असेल तर गोष्ट निराळी. बंद बैठकीत साधा टी.व्ही. आमचं काम करतो.

तिसरा धडा वायरीचा. अप्पांच्या डोक्यात वायरीची मापं 'तीन-वीस', 'सात-वीस' अशी, म्हणजे वीस नंबरच्या तीन तारा किंवा सात तारा. इथे 'गेज'चा आकडा जितका मोठा तितकी वायर बारीक. दुकानात दोन पद्धतींचा मेळ घालता घालता विक्रेताही हैराण झाला. शेवटी अप्पांनी वायर चिमटीत धरून पाहिली आणि बोट दाखवलं, "ही." बारा गेज. बॅटरीपासून टी.व्ही. २० फूट. पण वीज जाऊन परत येते, म्हणून लांबी ४० फूट धरायची. हे न धरल्यामुळे पुष्कळांची वायर बारीक पडते. घरातल्या भिंतीत असते तशी एका जाड तारेची वायर बोटीवर चालत नाही. इंजिनाच्या थरथरीनं ती आतल्या आत तुटते. अनेक बारीक तारांची हवी, आणि त्या तारांवर कथिलाचा मुलामा हवा. सोललेली वायर पांढरी का दिसते, असं आमच्यातल्या एकीनं विचारलं.

"कल्हई आहे ती," अप्पा म्हणाले. "तांब्याच्या पातेल्याला का लावतात? कळकू नये म्हणून. इथे तर खारी हवा."

आम्हां चौघांत तीन इंजिनिअर आहेत. तिघांनी 'टिन्ड कॉपर' असं वाचलं होतं. ती कल्हई आहे, हे एकालाही सुचलं नव्हतं.

सांधे पिळून चिकटपट्टी मारायची नाही. योग्य मापाचे 'लग' लावून पकडीनं दाबायचे, आणि वायर हलणार नाही अशी जागोजागी बांधायची. बॅटरीजवळ फ्यूज पाच अँपिअरचा. हे काम दोन शनिवार चाललं. अप्पा इंजिनाच्या झाकणाशी स्टुलावर बसून बॅटरी धरायचे (विजेरी, ती दुसरी नव्हे), आणि आम्ही आत आडवे पडून सूचना झेलायचो. "ओढून बघ. अजून ओढ. निघाली ना? परत कर."

चौथा धडा बसवण्याचा. टी.व्ही.च्या पाठीवर चार भोकं असतात. त्यांच्यामधलं अंतर ठरावीक असतं, लहान टी.व्ही.ला बहुधा ७५ किंवा १०० मिलिमीटर. त्या मापाचा हात भिंतीवर लावायचा. पण तो लाटांत झुलता कामा नये, म्हणून कुलूपबंद होणारा घ्यावा. नुसत्या पातळ फळीत स्क्रू मारून भागत नाही. मागून लाकडाचा जाड तुकडा देऊन आरपार बोल्ट लावले, स्टेनलेस स्टीलचे. आणि भोक पाडण्यापूर्वी पलीकडे काय आहे ते हातानं चाचपून पाहा. आमच्या भिंतीपलीकडे पाण्याची नळी होती. अप्पांनी विचारलं म्हणून कळलं.

आमचं सुकाणू बैठकीतच आहे, आणि त्यापुढे होकायंत्र. टी.व्ही.च्या स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं. होकायंत्र बिचारं भोळं, जवळचं चुंबक दिसलं की उत्तर दिशा सोडून तिकडे वळतं. म्हणून टी.व्ही. हातात धरून आधी सुईकडे पाहिलं, हलली तिथून मागे सरकत गेलो, आणि सुई स्वस्थ राहिली तिथे खूण केली. जाणारी आणि येणारी वायर एकमेकींना पीळ घालून नेली, की त्यांचा चुंबकीय परिणाम एकमेकींत जिरतो.

पाचवा धडा अँटेनाचा. घरावर अँटेना एकदा केंद्राकडे तोंड करून बसवली की झालं. नांगरलेली बोट वाऱ्याबरोबर गोल फिरते. आम्हांला बाल्टिमोर उत्तरेला आणि वॉशिंग्टन पश्चिमेला, दोन्ही पंचवीस-तीस मैलांच्या पल्ल्यात. म्हणून चहूबाजूंनी ग्रहण करणारी, ताटासारखी चपटी अँटेना घेतली. तिच्या पोटात लहरींचा जोर वाढवणारं यंत्र असतं. या यंत्राबद्दल एक गोष्ट बोट नसलेल्यांनीही ऐकण्यासारखी आहे. २००१ साली कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंग बंदरात जी.पी.एस. चालेनासं झालं. बंदरात शिरणाऱ्या बोटींना आपण कुठे आहोत तेच कळेना. तज्ज्ञांनी शोध घेतला, तेव्हा दोषी निघाल्या बंदरातल्याच बोटींवरच्या टी.व्ही.च्या अँटेना! त्यांच्यातली ती जोर वाढवणारी यंत्रं बिघडून स्वतःच लहरी फेकत होती. कोणी तरी आपल्या बोटीत निवांत टी.व्ही. बघायचा आणि बाहेर दुसऱ्याची वाट चुकायची. म्हणून आम्ही अँटेना चालू-बंद करून जी.पी.एस. आणि रेडिओ दोन्ही तपासले. आजही प्रत्येक मोसमाच्या सुरुवातीला तपासतो.

क्रिकेट अर्थात अँटेनावर येत नाही. ते फोनच्या इंटरनेटवरून. चांगलं चित्र हवं तर तासाला साधारण तीन गिगाबाइट जातात. सामना लांबला तर बिलही लांबतं.

आणि मग २९ जून २०२४ चा शनिवार. बार्बाडोसला विश्वचषकाचा अंतिम सामना, भारत आणि दक्षिण आफ्रिका. उन्हाळ्यात बार्बाडोसचं आणि आमचं घड्याळ एकच, त्यामुळे रात्री-अपरात्री उठायला नको. सकाळी साडेदहाला सुरू. पुन्हा ऱ्होड रिव्हर, पुन्हा नांगर. स्वयंपाक गॅसवर. कुकर घरी ठेवला होता, माळ्यावर, मराठी नाटकांच्या खोक्याशेजारी.

भारताच्या १७६ धावा झाल्या. मग आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० हव्या होत्या, आणि आमच्यातला एक जण उठून डेकवर गेला, कारण त्यानं पाहिलं की विकेट पडत नाही अशी त्याची श्रद्धा आहे. अप्पा दर चार षटकांनी उठून व्होल्टमीटर बघायचे आणि वहीत लिहायचे. आम्ही म्हटलं, "अप्पा, बसा हो! सामना गेला हातातून." ते म्हणाले, "सामना तिकडे चाललाय. बॅटरी इथे आहे."

शेवटच्या षटकात १६ धावा हव्या असताना फोन वाजला. सांगलीहून, पुतण्याचा. इंटरनेटवरचं चित्र अर्धा-पाऊण मिनिट मागे असतं, हे तोवर सगळ्यांना ठाऊक झालं होतं. चौघांचे हात फोनकडे गेले.

"उचलू नका!" अप्पा गरजले. "तो फोडणार."

फोन वाजत राहिला आणि आम्ही श्वास रोखून पाहत राहिलो. मिलरनं पहिलाच चेंडू उंच उडवला. सूर्यकुमार सीमेवर धावला, झेल घेतला, तोल गेला तसा चेंडू हवेत भिरकावला, सीमेबाहेर जाऊन परत आत आला आणि पुन्हा धरला. 'सावकाश' आम्ही चौघांनी अशी हलवली की शेजारच्या बोटीवरचे आजोबा काळजीनं बाहेर आले. सात धावांनी जिंकलो. अप्पांनी चष्मा काढून पुसला, व्होल्टमीटर पाहिला आणि जाहीर केलं, "१२.४. अजून दोन तास चालेल."

आणि मग त्यांनी स्वतः सांगलीला फोन लावला. बोलणं पाऊण तास चाललं. त्यातलं क्रिकेट पाच मिनिटं. बाकी वेळ ते पुतण्याला बारा गेजची वायर, कल्हई आणि शिल्लक पंधरा अँपिअर-तास समजावून सांगत होते. "मी बसवलाय," असं त्यात तीनदा आलं. आम्ही मोजलं.

अप्पा ऑक्टोबरमध्ये, ठरल्या तारखेला गेले. वही टी.व्ही.खालच्या खणात आहे. मराठीत लिहिलेली, त्यामुळे उद्या बोट विकली तर नव्या मालकाला आमच्यापैकी कोणाला तरी बरोबर घ्यावं लागेल. पूर्वी रविवारचा फोन दोन मिनिटांत आटपायचा. "बरं आहे ना?" "बरं आहे." "तुमचं?" "बरं आहे." आता आम्ही मरीनातून फोन करतो, आणि ते आधी व्होल्ट विचारतात.

येत्या मेचं तिकीट काढलंय. इकडून काही आणून ठेवायला हवं का, असं आम्ही मागच्या रविवारी विचारलं. आम्हांला वाटलं गुडघ्याचा पट्टा म्हणतील, नाहीतर मऊ चपला.

"क्रिंपिंगची पकड चांगली घेऊन ठेवा," अप्पा म्हणाले. "तुमच्याकडे आहे ती खेळण्यातली आहे."

तर मंडळी, टी.व्ही.चं हे असं. पुढच्या अंकात बोटीवरच्या संडासाची टाकी. तो लेख कृपया जेवताना वाचू नये. लोभ आहेच, तो वाढावा.